दुसरा भाग, त्याच तिकिटात

परवा नातीने फोनवर जाहिरात दाखवली. सुरा घेऊन फिरणाऱ्या खुन्याच्या त्या जुन्या सिनेमाचा म्हणे नवा भाग येतोय. पहिल्यात तो शेवटी मेला होता, आता परत आलाय, असं ती मला समजावू लागली. मी म्हटलं, बाई गं, दुसरा भाग आम्ही औंधला तंबूत कधीच पाहिलाय. तिला वाटलं, आजीला भ्रम झाला.

मी माधवनगरची, गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या घरातली. सांगलीत खुर्चीवर बसून सिनेमे पाहिलेले. लग्न होऊन औंधजवळच्या खेड्यात आले आणि यमाईच्या जत्रेत पोतं अंथरून तंबूत बसायची वेळ आली, तेव्हा नाक जरा वरच होतं माझं. सोबत थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायचे. तिचे मालक एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. जत्रा झाली की दर्भाचा पुतळा करून त्यांचं क्रियाकर्म उरकायचं, असं मामंजींनी ठरवलं होतं. म्हणजे अक्काचं कुंकू पुसलं जाणार. तिला कोणी विचारलं नव्हतं, तीही काही बोलली नव्हती. तिचं मन रमावं म्हणून मी तिला सिनेमाला ओढून नेलं. नेलं ते खुनाच्या सिनेमाला, ही माझी अक्कल.

काय भ्यायलो आम्ही! बायका डोळ्यांवर पदर घेत आणि पदराआडून सगळं बघत. शेवटी नायिकेने खुन्याला विहिरीत ढकललं. बायकांनी सुस्कारा सोडला, पोती झटकायला घेतली, तर पडद्यावर तोच खुनी निवांत सुऱ्याला धार लावत बसलेला. ऑपरेटरने रिळं खाली-वर केली होती. शिट्ट्या झाल्या, आरडाओरडा झाला. तंबूवाला मोठा बेरकी. त्याने कर्ण्यावरून जाहीर केलं, मंडळी, हा दुसरा भाग, त्याच तिकिटात. सगळा तंबू हसला. अक्काही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी मामंजी भटजींकडे निघाले. आमच्याकडे सुना सासऱ्यासमोर उभ्या राहत नसत. अक्का डोक्यावरचा पदर सावरून थेट उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आवं मामंजी, त्यांस्नी मेल्यालं कुणी बघितलंय? बघितल्याला माणूस आणा म्होरं. मग मी माज्या हातानं कुकू पुसते."

 मामंजींनी डोक्यावरचं पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि खाली बसले. आणून ठेवलेला दर्भ गोठ्यात तसाच वाळून गेला.

दीर आले नाहीत. अक्का मात्र रोज सकाळी आरशासमोर बसून ठसठशीत कुंकू लावत राहिली. तिचा मला कधी राग यायचा, कधी हेवा वाटायचा, आणि आता तिच्यावाचून घर खायला उठतं. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा हिला पांढरं नेसवायचं की हिरवं, यावर अंगणात बायकांची कुजबुज सुरू झाली. मी कुणाला विचारलं नाही. तिला हिरवं लुगडं नेसवलं, हातात चुडा भरला आणि कपाळभर मळवट भरला.