पडलेल्या कुंपणापाशी

ट्रॉय गावातल्या माझ्या घरामागे भिजलेल्या गवताचा वास आला, की मला १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाचं पडलेलं कुंपण दिसतं. मी आणि माझा रूममेट वसंता तेव्हा विद्यार्थी होतो. घासाघीस करून तिकीट निम्म्यात मिळवायचं, असं मी ठरवून गेलो होतो. पण तिथे तिकीट विकणारंच कुणी नव्हतं.

"अरे, फुकट आहे! चल ना आत," वसंता म्हणाला.

"फुकट देतायत म्हणजे माल खराब असणार. जा तू, फसशील."

टेकडीपलीकडून ड्रम ऐकू येत होते. मी गाडीपाशीच थांबलो. संध्याकाळी तो चिखलाने माखून, हसत परतला. मी भडकलो, "मला हात धरून का नाही नेलंस?"

"धरला होता की. तूच झटकलास."

खरंच झटकला होता? मला आठवत नाही. त्याच्यावरचा राग मात्र अजून आहे.