मिठाची गुळणी

ताईचं खरं नाव शेडमध्ये कुणाला विचारलं तर आधी डोकं खाजवतील. तिला सगळे ‘कस्टम’ म्हणतात, कारण तिच्या नजरेतून मासा काय, माशाचं खवलंसुद्धा सुटत नाही. मासे खायचे नव्हेत. लोकांच्या बैठकीत काचेच्या पेटीत फिरतात ते, समुद्रातले रंगीत. पाणबुडे पकडून आणतात, चार दिवस शेडच्या टाक्यांत ठेवतात, मग पिशवीत पाणी, वर ऑक्सिजन, वरून रबर, आणि खोका थेट विमानात. मासा धडधाकट आहे या चिठ्ठीवर ताईची सही लागते. अठरा वर्षं झाली.

या धंद्यातली सगळ्यात मोठी कटकट म्हणजे औषध. आहे विषच, पण औषध म्हटलं की पाप जरा हलकं होतं. खडकाच्या फटीत पिचकारी मारली की मासा गुंगून बाहेर येतो. जाळ्यानं अर्धा दिवस जातो तिथं दहा मिनिटांत काम. मासा पुढं आठ-दहा दिवसांत मरतो, आणि खडकावरचं जिवंत पोवळंही पांढरं पडून मरतं. मग पुढच्या वर्षी तिथं जाऊन काय दगड पकडायचे?

वरून बघून औषधाचा मासा ओळखू येत नाही. ताईची परीक्षा साधी होती. तिसऱ्या दिवशी खायला टाकायचं. खाल्लं तर जाळ्याचा, तोंड फिरवलं तर औषधाचा.

तिचा धाकटा भाऊ पाणबुडा. शब्द विकत आणावे लागतात असं वागतो, म्हणून त्याचं नाव पडलं मौनी. “पाण्याखाली कुणी बोलायला लावत नाही, म्हणून तर हा धंदा धरलाय,” असं त्याची बायको म्हणते. सात वर्षांपूर्वी त्यानं एकदा औषध मारलं होतं. पकडलं ताईनंच. तेव्हा तो “पुन्हा नाही” म्हणाला, आणि त्यानंतर जाळ्याशिवाय पाण्यात उतरला नाही. एका खडकावरचे दोन-चारच उचलायचा, बाकीचे ठेवायचा. पण मालकानं सांगून ठेवलं होतं, पुन्हा सापडला तर शेडच्या दारातल्या पाणबुड्यांच्या फळ्यावरून नाव पुसणार. त्या फळ्यावर नाव नसलेल्या पाणबुड्याला किनाऱ्यावरची कुठलीच शेड दारात उभं करत नाही.

तर एका सकाळी मौनीनं नऊ मासे आणले. चंदेरी अंग, काळे पट्टे, अंगावर टिकल्यासारखे पांढरे ठिपके. समुद्रातल्या काटेरी गोळ्यांसारख्या प्राण्यांच्या आडोशाला राहणारी ही जात शेडमध्ये पहिल्यांदाच येत होती. तिसऱ्या दिवशी ताईनं खायला टाकलं. सहा तुटून पडले. तीन मात्र कोपऱ्यात, तोंड घट्ट मिटून. चौथ्या दिवशी तेच.

पिशव्या बांधणारी मावशी शेजारी उभी होती. ती म्हणाली, “बघ, मिठाची गुळणी धरून बसलेत. तुझ्या भावावरच गेलेत.”

ताई हसली नाही. तिनं मौनीला बोलावलं.

“औषध मारलंस?”

“जाळ्याचेच आहेत.”

“मग खात का नाहीत?”

मौनीनं खांदे उडवले. तिनं सगळ्यांसमोर चिठ्ठीवर ‘औषध’ लिहिलं आणि सही केली. भाऊ म्हणून सोडला असता तर उद्या तिच्या सहीला कुणी विचारलं असतं? मालकानं त्याच दुपारी फळ्यावरचं मौनीचं नाव पुसलं. नऊच्या नऊ मासे मागच्या बाद टाकीत गेले.

औषधाचे मासे मरतात. हे मरेनात. आठवा दिवस गेला, दहावा गेला. ते तिघं खात नव्हते, पण पोहत होते झोकात. ताई रोज येऊन त्यांना मोजायची. मौनी तिकडं दुसऱ्यांच्या होड्या खरवडत होता.

तेराव्या दिवशी ती टाकी साफ करायला गेली. पाण्यात कचरा दिसला म्हणून तिनं गाळणी बुडवली. कचरा पळाला.

ती वाकली. तांदळाएवढी पिल्लं, काळ्या पट्ट्यांसकट. तेवढ्यात त्या तिघांपैकी एकानं जबडा उघडला आणि आणखी एक पिल्लू बाहेर टाकलं.

तोंडात अंडी धरून बसलेला बाप खाणार कुठून?

पोटभर खाणारे ते सहा मासे पिल्लांवर ताव मारायच्या आत तिनं त्या सहांना दुसऱ्या टाकीत हलवलं, मग मालकाला हाक मारली. मालक खूश.

“ताई, घरचीच पैदास! समुद्रातून आणायची गरज नाही. ही जात तशीही कमी होत चाललीय.”

“आधी फळा.”

“लोक म्हणतील, भावाला वाचवलं.”

“म्हणू देत. बुडवलं तेव्हा नाही कुणी काही म्हणालं.”

तिनं खडू उचलला, मौनीचं नाव स्वतः लिहिलं, खाली लिहिलं, ‘चूक माझी’, आणि सही ठोकली. मावशीनं जोरात वाचून दाखवलं, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळावं.

मग एका बरणीत तीन पिल्लं घेऊन ती भावाच्या घरी गेली. भावजयीनं दार उघडलं.

“या ताई. हे नेहमी एक शब्द बोलतात, या दिवसांत तोही बंद आहे.”

मौनीनं बरणी उजेडात धरली.

“बापाच्या तोंडात होती,” ताई म्हणाली. “मला माहीत नव्हतं.”

“मलाही.”

“तू भांडला का नाहीस माझ्याशी? बोलायचं होतंस.”

“बोललो की. जाळ्याचेच आहेत म्हणून.”

“एकदाच!”

“दुसऱ्या कुणाला दहादा सांगितलं असतं,” मौनी म्हणाला. “तुला एकदा पुरायला हवं होतं.”

भावजयीनं पाणी आणून ठेवलं, ते तिनं प्यायलंही नाही.

जायला निघाली तेव्हा मौनीनं बरणी परत दिली.

“खायला टाकायच्या आधी जबडा बघत जा,” तो म्हणाला. “फुगलेला असला तर मला सांग. त्या खडकाकडं मी दोन महिने जाणार नाही. बाकीच्यांनाही सांगतो.”

“तू सांगणार? तोंडानं?”

“बघू,” मौनी म्हणाला, आणि चपला घालून तिला सोडायला शेडपर्यंत आला.