तिच्या चित्रातला सूर्य

धुळ्याला चित्रकला शिक्षकाची पदविका करत होते, तेव्हा माझ्या खोलीतली मैत्रीण रावेरकडची होती, केळी लावणाऱ्या घरातली. मी जळगावची, पिंप्राळ्यातली. शाळेपासून बक्षिसं मिळवत आलेली. इथंही पहिली मीच येणार, असं धरूनच चालले होते.

वार्षिक प्रदर्शनासाठी विषय मिळाला, 'हिवाळा'. मी पांझरेकाठचं धुकं रंगवलं. पूल, देवळाचा कळस, पाण्यातलं प्रतिबिंब. सुबक झालं होतं. मग तिचं पाहिलं. केळीचा बाग, थंडीनं पिवळी पडलेली पानं, पीक वाचवायला पहाटे बांधावर पेटवलेल्या ओल्या पाल्याचा धूर आणि त्या धुरात पाठमोरे बसलेले तिचे वडील. सगळं राखाडी. धूर कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं, कळत नव्हतं. ते बघताना मला थंडी वाजली. माझं चित्र बघून कुणालाच वाजली नसती.

"कसं वाटतंय गं? खरं सांग."

"फार उदास आहे," मी म्हणाले. "सकाळ वाटतच नाही. मागे केशरी सूर्य टाक, उठाव येईल."

मी काय करतेय, ते मला पुरतं ठाऊक होतं. तिनं विश्वासानं सूर्य टाकला. चित्राचं कॅलेंडर झालं.

पहिलं बक्षीस मला मिळालं. तिचे वडील प्रदर्शन बघायला आले होते. टोपी हातात धरून ते त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले.

"त्या दिवशी सूर्य कुठी दिसला व्हता, बाई?"

"हिनं सांगितलं, आबा. हिला जास्त कळतं."

त्यांनी मला चक्क हात जोडले.

त्याच संध्याकाळी मी तिला खरं सांगून टाकलं. ती नळाखाली ब्रश धूत होती. धूतच राहिली.

"मला वाटलं, तुला आवडलं नाही."

"आवडलं होतं. म्हणूनच."

ती भांडली नाही. वर्ष संपेपर्यंत आम्ही एकाच डब्यातलं जेवलो. पण चित्र अर्धवट ठेवून उठताना ती बोर्ड भिंतीकडे फिरवून ठेवायची. ती बाहेर गेली की मी तो हळूच वळवून बघायचे. दर वेळी वाटायचं, हे मला का सुचत नाही?