काकांच्या आवाजाचं बटण

ॲम्प माझा आहे, हे मी तेव्हा दिवसातून दहा वेळा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असेन. जहाजावर नोकरी करणाऱ्या एकाकडून जुना घेतलेला, ट्रान्झिस्टरवाला, मशीन आणि स्पीकर एकाच पेटीत. वॉल्ववाल्यासारखं तापायची वाट बघायला नको, चालू केला की गिटार बोलायला लागली. वजन मात्र धोंड्यासारखं. मुलुंडहून अंधेरीला कार्यक्रम असला की रिक्षात ॲम्प सीटवर आणि मी अर्धा बाहेर. आई म्हणायची, "बायको आली तरी तिला इतकं जपणार नाहीस तू."

आमची पाच जणांची पार्टी होती. हळद, बारसं, सत्यनारायण, जे मिळेल ते. गाणाऱ्याचा माईक मंडपवाल्याच्या भोंग्याला जायचा. माझ्या ॲम्पला दोन वायरी लागायच्या, एक माझ्या गिटारची, दुसरी मेंडोलिनची. दोघांच्या आवाजाची बटणं वेगळी, आणि दोन्ही माझ्या गुडघ्याशी.

मेंडोलिन वाजवणारे काका मालवणकडचे. वीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात काढलेली. संपात गिरणी गेली आणि ते कांजूरला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले. आठवडाभर गप्प असलेला हा माणूस मेंडोलिन हातात आलं की माणसात यायचा. "ह्या नसता तर माका खूळ लागला असता," म्हणायचे.

वेसाव्याला एका हळदीत भर दुपारी त्यांनी असं काही वाजवलं, की नवरीच्या आजीने पुढचं गाणं थांबवलं आणि त्यांना परत वाजवायला लावलं. बायका कौतुकाने त्यांच्याभोवती गोळा झाल्या. गर्दीतून कुणीतरी मला म्हणालं, "ए पेटीवाल्या, जरा सरक ना!"

पेटीवाला! माझी सटकलीच. पुढच्या गाण्याला मी वाकलो आणि काकांचं बटण थोडं मागे फिरवलं. थोडंच हं. कुणाला कळलं नाही. कुणाला कळत नाही म्हटल्यावर पुढच्या कार्यक्रमात आणखी थोडं. मग ती सवयच लागली. मेल्या, लाज नाही वाटली तुला, असं आज मीच मला विचारतो. तेव्हा नव्हती वाटली. तेव्हा गिटार कशी मोकळी वाजते याचंच सुख होतं.

काका जोर लावून वाजवायला लागले. तारा तुटायच्या, बोटं सोलायची. ढोलकीवाला ओरडायचा, "काका, जरा हात हलका ठेवा की!" एकदा घाटकोपरला, दोन गाण्यांच्या मधे, ते माझ्याकडे झुकले. "झिला, माझा आयकाक येता मां रे?"

तेव्हा सांगता आलं असतं. नुसतं बटण पुढे केलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, "झकास येतंय, काका. तुम्हालाच ऐकू येत नसेल."

त्यांनी ते लगेच मानलं. वाईट त्याचंच वाटतं. साचेखात्यातले निम्मे लोक कानांनी अधू होऊनच बाहेर पडले होते. आपलीही पाळी येणार, हे त्यांनी मनात धरलेलंच असावं. सरकारी दवाखान्यात जाऊन आले. कान थोडे गेलेत, असं डॉक्टर म्हणाले. गिरणीवाल्याचे थोडे जाणारच की! पण काकांना तेवढं पुरलं. "माका माझाच आयकाक येना नाय, मगे तुमच्या गाण्याची वाट कशाक लावू?" एवढं बोलून त्यांनी पार्टी सोडली.

त्यांची वायर माझ्याकडेच राहिली होती. दोन-तीन महिन्यांनी ती घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. वायर हे निमित्त. बटणाचं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. काका खिडकीशी पाठमोरे बसले होते. काकू त्यांच्या कानाशी जाऊन किंचाळल्या, "गिटारवालो इलो हा!" मेंडोलिन कुठे दिसेना. गावच्या भजनी मंडळाला देऊन टाकलं, काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी त्यांच्या मागे उभा. मग मी काय केलं, तर ओठांतल्या ओठांत पुटपुटलो, "काका, तुमचा आवाज मीच कमी करत होतो." मुद्दाम तेवढ्याच आवाजात, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. सांगितलं एवढं समाधान फुकटात हवं होतं मला.

ते वळले नाहीत. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "आयकलंय मी."

आतून काकूंनी, साखर किती घालू, म्हणून ओरडून विचारलं. काका दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून बोटांकडे बघत होते. बोटांवरचे तारांचे घट्टे पार गेले होते.