झाड काढायची परवानगी

परवा भाचीला एक जुनं स्केचबुक दाखवत होते. दाखवायचं होतं चित्र, आणि अर्धा तास सांगत बसले त्या चित्राच्या कोपऱ्यात पडलेल्या चहाच्या डागाची गोष्ट! शेवटी ती म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे चित्रं कमी आणि किस्से जास्त आहेत."

खरंय बाई! चित्र पुरं करायला मान मोडून बसावं लागतं. किस्सा आपला आपण पुरा होतो. आणि आमच्या ग्रुपमध्ये तर दर रविवारी एक ठरलेलाच.

ग्रुप म्हणजे रविवारी बाहेर जाऊन चित्रं काढणारे आम्ही चौघंच. सामंत सर, ठाण्याच्या एका शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंगचे सर. वय चौऱ्याहत्तर, पेन्सिलीला टोक आणि बोलण्यालाही! निलेश दिव्याला राहतो आणि वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये काम करतो. तिथे मशीनचे लोखंडी भाग रंगवतात. वैशाली नर्स आहे, डोंबिवलीजवळच्या एका आगरी गावातली. आणि मी मीनल. कल्याणला डायनिंग टेबलावर बसून मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. घरी पोळीला कधीकधी निळा रंग लागतो, कोणी काही बोलत नाही.

आमचा सीझन वसंताचा. आता आमच्याकडे वसंत असतो तरी किती? कपाटात स्वेटर गेला आणि एसीवाला सर्व्हिसिंगला आला, या दोन्हींच्या मधले पंधरा-वीस दिवस! तेवढ्यात काटेसावर फुलून घ्यायची, पळस पेटून घ्यायचा, आंब्याला मोहोर, कोकिळा पहाटे पाचपासून चालू. म्हणून त्या दिवसांत आम्ही अक्षरशः धावत असतो. एक रविवार चुकला तर झाड पुढच्या वर्षी भेटतं!

*

कल्याणच्या बाहेर एका रिकाम्या प्लॉटवर एक काटेसावर आहे. पान नाही एकही, नुसती लालभडक फुलं आणि त्यांत भांडणारे बुलबुल. आम्ही चौघं समोर स्टूल टाकून बसलेलो. सर पेन्सिल हातभर लांब धरून, एक डोळा मिटून माप घेत होते.

समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांना ते माप भलतंच वाटलं. आधी एक बाल्कनी भरली, मग दुसरी. मग एक काका बनियनवर शर्ट चढवत खाली आले, मागे पाच-सहा जण.

"साहेब, रोड किती फूट आत येतोय?"

सरांनी डोळा उघडला. "कुठला रोड?"

"लपवू नका हो. आमची पार्किंग जातेय का तेवढं सांगा."

"अहो, मी फक्त झाड काढतोय!"

झालं! सगळी गर्दी एकदम पुढे. एक काकू तर झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "झाड काढताय? परवानगी आहे का तुमच्याकडे? लेखी दाखवा!"

सर आयुष्यभर मराठीतच चित्रकला शिकवत आलेले. पण या भाषेत झाड रेखाटणं आणि झाड उपटणं यांना एकच शब्द आहे, हे त्यांना त्या दिवशी समजलं! त्यांनी वही उलटी करून सगळ्यांना चित्र दाखवलं. मग त्या काकूंनी चित्र निरखून पाहिलं, पाठ झाडापासून सोडवली आणि म्हणाल्या, "इतकं चांगलं काढताय, तर मुळासकट काढा की!"

*

निलेशचा डोळा म्हणजे काय चीज आहे, हे आम्हाला ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी कळलं.

पळस ऐन भरात होता. सर तासभर तो केशरी रंग मिसळत बसलेले. लाल घातला, पिवळा घातला, पुन्हा लाल. बशी बरबटली, रंग काही सापडेना. निलेश मागे उभा राहून बघत होता. हळूच म्हणाला, "सर, यात किंचित काळा मारा."

"काळा? फुलात? अरे, मळेल ना रे तो!"

"किंचित, सर. सुईच्या टोकाएवढा."

सरांनी रागारागाने टोकभर काळा घातला. आणि बशीत पळस! हुबेहूब! सर त्या बशीकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं मुलांच्या हातातून काळा रंग काढून घेत आलो रे मी."

निलेशने खाली पडलेली दोन फुलं डब्यात घालून वर्कशॉपला नेली. तिथे एक कस्टमर महिनाभर छळत होता. त्याला मशीनला केशरी रंग हवा होता, पण दाखवलेला प्रत्येक केशरी त्याला नापसंत. निलेशने त्या पाकळीबरहुकूम एक पट्टी रंगवून समोर ठेवली. माणूस खुर्चीतून उठला. "हाच! हाच पाहिजे! कोड काय याचा?"

"कोड नाही साहेब, झाड आहे," निलेश म्हणाला. "मार्च संपायच्या आत या, दाखवतो."

*

त्याच पळसावरून माझी मात्र नोकरी जायची वेळ आलेली. म्हणजे नोकरी कुठली, कामच!

मुलांच्या एका पुस्तकात ऋतूंची चित्रं होती. वसंतासाठी मी अख्खं पान पळस काढला, जीव ओतून काढला म्हणा ना. संपादक मॅडमचा फोन: "मीनल, सुंदर आहे, पण झाड वाळलंय. पानं घाल."

"मॅडम, पळसाला फुलं येतात तेव्हा पानं नसतात."

"अगं, पण मुलांना वाटेल झाड मेलं. वसंत म्हणजे हिरवंगार ना!"

तीन दिवस हेच. मी पानं घालेना, त्या सही करेनात. चौथ्या दिवशी मी सरळ रिक्षा केली, पळसाखाली उभी राहिले आणि व्हिडिओ कॉल लावला. "बघा मॅडम! आहे का एक तरी पान?"

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "किती छान गं! पण मीनल, हे झाड चुकलंय. दुसरं बघ ना."

मी हसले, त्याही हसल्या, आणि तिथेच विषय मिटला. पुस्तक छापून आलं. पळस बिनपानांचा, जसा काढलेला तस्सा! फक्त खाली बारीक अक्षरांत मॅडमनी एक ओळ टाकलेली: "हे झाड जिवंत आहे."

*

एकदा आम्ही डोंबिवलीत प्रदर्शन भरवलं. छोटा हॉल, चाळीस चित्रं, बाहेर मार्चचं ऊन मी म्हणत होतं. आणि गर्दी काय विचारता! दुपारी दोनला पाय ठेवायला जागा नाही. सर हरखून गेले. प्रत्येकाला रेषेतलं बळ समजावून सांगत होते. लोकही मान डोलवत होते, हलत मात्र कोणी नव्हतं.

संध्याकाळी आम्ही उत्सुकतेने अभिप्रायाची वही उघडली. पहिल्याच पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: "सर्व चित्रे पाहिली. एसी उत्तम. असेच उपक्रम मे महिन्यातही व्हावेत."

*

वैशालीच्या सासूबाईंना तिचं चित्र काढणं म्हणजे निव्वळ रिकामपण वाटायचं. बाई ड्यूटीवरून येते, चहा घेते आणि मागच्या दारी आंब्यासमोर रंग घेऊन बसते! त्या आंब्याला त्या वर्षी मोहोर असा, की वरची पानं दिसेनात. सासूबाई म्हणायच्या, "आंबं खायाचं असतंय गो, त्याचं फोटू कारायचं नसतंय."

एका संध्याकाळी वैशालीने चित्र वाळायला ओट्यावर ठेवलं. सासूबाई दिवा लावायला आल्या, सहज नजर गेली आणि तिथेच थांबल्या. चित्रातल्या खालच्या पानांवर वैशालीने काळसर, चकचकीत रंग दिला होता.

"पोरी, हा काला रंग तू मनाशी टाकलास का झाराला बगून?"

"झाडाला बघूनच. खालची पानं तशीच दिसतायत. मला वाटलं धूळ."

म्हातारी दिवा तसाच ठेवून मागच्या दारी गेली. पान हाताला चिकटलं. मोहोराला नुसता हात लावला, तर मोहरीएवढे किडे भुर्रकन उडाले. तुडतुडे! मोहोर शोषून वाळवून टाकतात, आंबा धरूच देत नाहीत; आणि त्यांच्या चिकट रसावर पानांना काळी बुरशी चढते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या महिनाभर झाडापर्यंत गेल्याच नव्हत्या. घरातल्या बाकीच्यांना ते दिसून कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फवारणी झाली. थोडा मोहोर गेला, पण बाकीचा वाचला. मे महिन्यात आम्हा तिघांच्या घरी आंब्याची पेटी आली, आणि वैशालीच्या घरात क्रांती झाली! आता ती ड्यूटीवरून आली की सासूबाई स्वतः स्टूल मागच्या दारी नेऊन ठेवतात. वर हुकूम: "आज नारलाचा काढ. त्याचा पन काय तरी दुखतंय."

*

आणि हा किस्सा यंदाच्या पाडव्याचा.

शोभायात्रेच्या वाटेवर रांगोळी काढायचं काम आम्हाला मिळालं. रस्ता गाड्यांना बंद केलेला. सरांनी विषय ठरवला: हळद्या पक्षी. पंख पसरलेला, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत! निलेशने पिवळ्याच्या सहा छटा तयार करून आणलेल्या. पहाटे आम्ही बसलो, ते उजाडून ऊन पाठीवर येईपर्यंत. सर गुडघ्यावर उशी बांधून रांगत होते. कोणाची सावली जरी रांगोळीवर पडली तरी ओरडायचे, "मागे व्हा! मागे!" पिसन् पीस त्यांनी स्वतः चिमटीने सोडलेलं. शेवटी डोळ्यात पांढरा ठिपका ठेवला आणि तो पक्षी जो जागा झाला! बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नऊवारीतल्या मुली, ढोलवाले, सगळे दोरीच्या बाहेर मोबाइल वर करून उभे. यात्रा यायला पंधरा मिनिटं.

आणि मागून ॲम्ब्युलन्सचा आवाज आला.

पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर गर्दी अडकलेली, म्हणून ड्रायव्हरने ही वाट धरली होती. हॉस्पिटल पुढच्या वळणापलीकडेच. लोकांनी भराभर दोरी सोडली. गाडी पुढे आली आणि रांगोळीच्या काठावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. त्याने स्टीअरिंगवरचे हात उचलून जोडले. गाडी पुढे घ्यायचं त्याच्याने होईना. लोक एकदा पक्ष्याकडे, एकदा आमच्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात सर उठले. गुडघ्याची उशी तशीच लोंबतेय. सरळ पक्ष्याच्या छातीवरून पाय घासत, दोन्ही हातांनी बोलावत मागे मागे चालत निघाले. "या! या इकडून! सरळ या! बघता काय, घ्या ना गाडी!"

गाडी गेली. हळद्याच्या मधोमध चाकांच्या दोन खुणा, वळणापर्यंत दोन पिवळ्या रेघा.

वैशालीने रंगाचा डबा उचलला. "सर, दहा मिनिटं आहेत. करूया नीट?"

"राहू दे," सर म्हणाले. "यात्रा आली."

दुपारी सगळं आटोपल्यावर सर मला म्हणाले, "चल, जरा पाय मोकळे करू." बोलता बोलता आम्ही यात्रेच्या पायांतून वाचलेल्या त्या रेघांच्या कडेकडेने चालत होतो, हे मला वळण गेल्यावर लक्षात आलं. रेघा पुसट होत होत हॉस्पिटलच्या फाटकात शिरलेल्या. वॉचमन खुर्चीवर बसलेला. सरांनी विचारलं, "सकाळी ॲम्ब्युलन्स आली होती ना?"

"आलेली ना! बाई होत्या एक, हार्टचं. वाचल्या. डॉक्टर बोलले, अजून थोडा उशीर झाला असता तर काय खरं नव्हतं." मग त्याने पायाखालच्या पिवळ्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. "पण हे बघा ना काका! कोणाची तरी रांगोळी तुडवून आलेत. त्या बिचाऱ्याचा पाडवा पार फुकट गेला असेल."

सरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळेधमक होते. ते त्यांनी हळूच पाठीमागे घेतले.

"छे हो!" सर म्हणाले. "झकास गेला!"