श्रीनिवाससरांचं शिफारसपत्र

सुनेत्रा खटावकडची. बापाच्या रानात ढेकळं फोडत वाढली आणि पुढं मातीतच पीएचडी केली. गेली चार वर्षं ती एडिनबराला, करारावरची संशोधक. करार सप्टेंबरला संपणार, अन् त्याच्यामागं व्हिसाही. तेवढ्यात तिथल्याच एका विद्यापीठात शिकवायची अन् संशोधनाची कायमची जागा निघाली. शिफारसपत्रं दोन हवी होती. एक तिची तिथली बॉस देणार होती. दुसरं कोल्हापूरच्या श्रीनिवाससरांचं. सर तिचे पीएचडीचे गाईड, आता रिटायर.

फोन लावला तर सर म्हणाले, "तूच लिही की पोरी. मी सही ठोकतो. आजवर सगळ्यांना अशीच दिली."

आपल्याकडं रीतच ती. सुनेत्रा बसली लिहायला. अर्ध्या तासात कागदावर जी बाई उभी राहिली ती कष्टाळू, हुशार, मनमिळाऊ. स्थळाला पाठवायच्या माहितीसारखी. रंग गोरा तेवढं लिहायचं राहिलं होतं.

"पाठव ना," सोबत राहणारी पुण्याची चैत्राली म्हणाली. "सगळे हेच करतात. रेफरन्स कोण वाचतंय?"

"हितं वाचत्यात. उद्या त्यांच्यापुढं मलाच बसायचंय. ही कागदावरची बाई कुठनं आणू?"

तिनं सगळं पुसलं अन् परत फोन लावला. "सर, इथं ज्याचं त्यानंच लिहायचं असतं. तुम्हाला आठवंल तसं लिहा."

"माझं इंग्लिश बैलगाडीचं."

"चालंल."

"बघतो," म्हणून सरांनी फोन ठेवला. रागावले असणार.

मुदत शुक्रवारी दुपारी बाराची. गुरुवार गेला तरी पत्र नाही. गुरूला तिसऱ्यांदा टोचायचं कसं? शुक्रवारी ती लॅबमध्ये माती चाळत बसली, एक डोळा मोबाईलवर. अकरा चाळीसला विद्यापीठाचा मेल आला, दुसरं पत्र थेट त्यांच्याकडं पोचलं. आत काय होतं, ते कळायला वाट नव्हती.

तीन आठवड्यांनी मुलाखत झाली. समोर तिघं. शेवटाला त्यांतल्या मोठ्या बाईंनी कागद उलटला. "तुमचे सर लिहितात, तुम्ही त्यांची भट्टी जाळलीत."

सुनेत्रा खुर्चीत पुढं सरकली.

"जाळली," ती म्हणाली. मग सगळं सांगितलं. पहिल्याच वर्षी माती तापवायची भट्टी चालू ठेवून ती जेवायला गेली, कॉइल जळाली. सर यायच्या आधीच दारात उभी राहिली आणि आपल्या तोंडानं सांगितलं. मग महिनाभर अख्ख्या लॅबची माती पिशव्यांत भरून एसटीनं सांगलीच्या कॉलेजात नेली, तिथं तापवून आणली.

"हेच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "खाली एवढंच, की त्यानंतर हिचे आकडे मी कधी परत तपासले नाहीत."

पाच दिवसांनी नोकरी मिळाल्याचा निरोप आला. पहिला फोन कोल्हापूरला.

"सर, भट्टीचं कशाला लिहिलं? जीव गेला की माझा."

"मग काय लिहू?" सर म्हणाले. "गुणगानच हवं होतं तर तुला लिहायला सांगितलंच होतं की."