मामूंचं भेव

मामू कोणतंच दार समोर उभं राहून उघडत नसत. आमच्या घरी आले तरी कडी वाजवून आधी भिंतीला पाठ लावायचे आणि मग बाजूनेच हात लांबवून दार लोटायचे. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत. मीही हसायची, लग्न होऊन कारंज्यात नवीनच आले होते.

मामू कापसातली सरकी काढायच्या जिनात बॉयलरची भट्टी सांभाळत. आमचे हे त्यांच्या हाताखाली लाकडं आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकायला लागले, तेव्हा मामूंनी मला गाठून सांगितलं, "सूनबाई, तुह्या नवऱ्याले भट्टीचं भेव वाटत नाही. मले हे बरं वाटून नाही राह्यलं." मला वाटलं, म्हातारा कौतुकच करतोय.

त्यांना स्वतःला मात्र भेव होतं आणि ते लपवतही नसत. धुराडं हवा वर ओढतं तोवर जाळ आत राहतो. धुराड्याची झडप बंद असली की धूर आतच कोंडतो, आणि अशात कोणी भट्टीचं दार उघडलं तर बाहेरची हवा आत घुसून जाळ उलटतो, थेट उघडणाऱ्याच्या तोंडावर येतो. तरुणपणी मामूंच्या जोडीदाराचं तसं झालं होतं. "त्याचा आवाज बी नाही निघाला," एवढंच ते सांगत आणि चहा तसाच टाकून उठत. ते ऐकल्यापासून हे घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे. ह्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "मामू म्हातारे झाले. सावलीले बी भेतात."

त्या वर्षी खंडेनवमी शुक्रवारी आली. एरवी यंत्रांची पूजा थंड भट्टीवर होई. पण शेठजींना पूजा आटोपताच वाफ हवी होती. म्हणून सकाळीच विस्तव घालून, झडप लावून तो मंद ठेवला होता. मामू जुम्म्याच्या नमाजाला गेले. ह्यांनी हौसेने बॉयलरला झेंडूच्या माळा घातल्या, एक झडप उघडायच्या साखळीलाही गुंडाळली. पूजेआधी माळ तुटायला नको, म्हणून साखळी कोणी ओढलीच नाही.

मी आरतीचं ताट घेऊन भट्टीच्या दारासमोर उभी होते. अग्नीला तूप वाहायचं म्हणून ह्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. तेवढ्यात फाटकातून मामू पळत येताना दिसले. त्यांना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. विस्तव घातलेला असून धुराड्यातून धूर नाही, हे त्यांनी रस्त्यावरूनच पाहिलं होतं. ओरडायला दम नव्हता. त्यांनी मला एका हाताने ढकललं, ह्यांना खांद्याला धरून मागे खेचलं, आणि त्या हिसक्यात दार उघडलं. जाळ माणसाच्या उंचीचा बाहेर आला आणि तसाच आत गेला. मी जमिनीवर पडले होते. मामूंचा सदरा पाठीवर पेटला होता आणि हे नुसत्या हातांनी तो विझवत होते.

मामू त्यातून उठले नाहीत. हे रोज त्यांच्या उशाशी बसत. एका दुपारी मामूंनी विचारलं, "भेव वाटलं काय तुले?"

"लय वाटलं, मामू. आता बी वाटून राह्यलं. मी तिकडं पाय नाही ठेवत."

"आता ठेव," मामू म्हणाले. "आता भट्टी तुह्या हाती द्याले मले काही वाटत नाही."

मी पायाशी बसले होते. नको म्हणा, असं मला दोघांनाही सांगायचं होतं. पण मी मामूंच्या पायावरची चादर सारखी करत राहिले.

त्याच आठवड्यात मामू गेले. दफनाच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी खांद्यावर टॉवेल टाकला आणि जिनाची वाट धरली. ज्यांनी माझं कुंकू राखलं, त्यांचा त्या दिवशी मला भयंकर राग आला, आणि त्यांच्यासाठीच मी हमसून रडतही होते. हे संध्याकाळी घरी येईपर्यंत मी चूल पेटवली नाही.